ओट्यावरचं परगाव

बुधवारी सकाळी मनकर्णाबाईचा मोठा मुलगा जगदेव घर सोडून नोकरीला गेला. जाताना तिने त्याला ओवाळलं, हातावर दही घातलं, डोक्यावरून हात फिरवला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. शेजारच्या बाया रडल्या. ज्यांचं जगदेवशी कधी पटलं नव्हतं त्याही, आलोच आहोत तर, म्हणून रडल्या. जगदेवने वळकटी काखेत मारली, उंबरठा ओलांडला आणि मागे न पाहता पूर्वेकडे चालू लागला. गल्लीच्या वळणावर तो दिसेनासा झाला.

बुधवारी दुपारी तो वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होता.

या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असं खापरखुट्यात कोणालाही वाटलं नाही. खापरखुट्यात माणूस आधी मुहूर्तावर जातो आणि मग सवडीने निघतो.

झालं होतं असं. कारंज्याला एका कापसाच्या जिनात जगदेवला काट्यावरच्या कारकुनाची जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी फाटक उघडताना तो हजर असेल तर जागा त्याची. नसेल तर मॅनेजरच्या साडूचा मुलगा हजर होता. तो गेला पंधरवडाभर फाटकाला टेकूनच उभा होता म्हणे. कारंज्याकडे जाणारी गाडी मारोतरावांच्या घरची. मारोतराव म्हणजे जगदेवचा बाप. पण गाडी कापूस भरून शनिवारी निघणार, आणि कारंजा खापरखुट्याच्या नेमका पूर्वेला. शनिवारी पूर्वेला दिशाशूल असतो. शनिवारी पूर्वेला गेलेला माणूस आजारी तरी पडतो, नाहीतर परत तरी येतो, असं जोशीबुवांनी सांगितलं. मनकर्णाबाईला दोन्ही नको होतं.

"मंग पोरानं जावावं कसं?" तिने विचारलं होतं.

"बुधवारी प्रस्थान ठेवा," जोशीबुवा म्हणाले. "त्याची वळकटी, आत सुपारी आन हळदीचे तांदूळ. पूर्वेच्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. झालं. पोरगा गेला. मंग शनिवारी गाडीत बसो नाहीतर रविवारी."

पूर्वेला सोजरबाईचं घर होतं. वळकटी तिथे गेली आणि तिच्यासोबत जगदेवही गेला, म्हणजे शास्त्रापुरता. उरलेला जगदेव जेवायला परत आला.

मनकर्णाबाई तेव्हा स्वयंपाकघर सारवत होती, कारण शुक्रवारी मालेगावचे पुंजाजी त्यांच्या मुलासाठी तिच्या लेकीला, प्रयागला, पाहायला येणार होते. एकाच आठवड्यात पोरगा नोकरीला आणि पोरगी सासरच्या वाटेला. "कवा एकदाचे जाता बावा दोघं, मी सुटतो," हे ती इतकी वर्षं म्हणत आली होती की आता देवाने ऐकलं याचं तिला थोडं आश्चर्यच वाटत होतं. घरात ओलं होतं म्हणून तिने जगदेवचं ताट बाहेर ओट्यावरच दिलं. वरण चाखून जगदेव मीठ घ्यायला उठला, आणि त्याने उंबरठ्यावर पाय उचलला तोच गल्लीतून जोशीबुवा ओरडले, "थांब!"

जगदेव एका पायावर थांबला.

"ओलांडला काय उंबरठा?"

"अजून नाई."

"वाचला," असं म्हणून जोशीबुवा ओट्यावर बसले. "अरे, तू गेला ना सकाळी? गेलेला माणूस आपल्याच घरात कसा शिरते? शिरला की प्रस्थान मोडलं. मंग नवा मुहूर्त, तो पुढच्या पक्षात."

"पुढच्या पक्षात?" मनकर्णाबाई शेणाच्या हातानेच दारात आली. "तवर साडूचं पोरगं बसते ना काट्यावर!"

"महाराज, मंग शनवारपावतर मी राहू कुठं?" जगदेव म्हणाला.

"प्रवासात राहा," जोशीबुवा म्हणाले.

प्रवासासाठी ओटाच बरा होता. तिथे सावली होती.

गुरुवारी सकाळी मनकर्णाबाईला कळलं की गेलेला मुलगा सांभाळणं असलेल्या मुलापेक्षा जड असतं. सवयीने ती म्हणाली, "जगदेवा, दोन बादल्या पाणी शेंद रे."

"मी कारंज्याले हाओ, मा," ओट्यावरून उत्तर आलं.

"मेल्या, इथं लोळून राह्यला ना!"

"आवाज येऊन राह्यला तुले, लेकाची आठवण येते म्हून. बाकी मी तिकडंच हाओ."

लाकडं फोडायची होती तेव्हाही तो कारंज्यालाच होता. गोठा झाडायचा होता तेव्हाही. जेवणाच्या वेळेला मात्र तो बराच जवळ आलेला असे. शेजारच्या बाया जाता येता दारात थांबून विचारत, "काय वं, जगदेवची काही खबर?" आणि मनकर्णाबाई तोंड उघडण्याआधी ओट्यावरून आवाज येई, "खुशाल हाय." बाया समाधानाने मान डोलावून पुढे जात.

आणखी एक गोष्ट झाली, ती मनकर्णाबाईच्या ध्यानात उशिरा आली. घरात असलेल्या पोराला ती भाकर आणि झुणका वाढत असे. गेलेल्या पोरासाठी मात्र तिने न सांगता पुरण घातलं. ताट उंबरठ्यावरून सरकवताना तिने तुपाचा चमचा पुन्हा एकदा उपडा केला.

"मले तं तू येवढं तूप कवाच वाढलं नाई," प्रयाग चुलीजवळून म्हणाली.

"तू घरात हायेस ना अजून," मनकर्णाबाई म्हणाली.

गुरुवारी दुपारी अंगावरच्या धोतराकडे पाहून जगदेवला आठवलं की बाकीचे सगळे कपडे वळकटीत आहेत. उद्या पाहुणे येणार. मनकर्णाबाई वळकटीतलं धोतर आणायला सोजरबाईकडे गेली तर दाराला कुलूप. सोजरबाईची लेक मालेगावला अडली होती. निरोप येताच सोजरबाई बुधवारीच तिकडे गेली होती आणि किल्ली तिच्या कमरेला होती. प्रस्थान आत कोंडलं गेलं होतं.

"कुलूप तोडतो," मारोतराव म्हणाले.

"खबरदार! बाई लेकीच्या बाळंतपणाले गेली अन आपण मांगं तिचं घर फोडावं?"

मग मारोतरावांनी शेंगा तोडायची आकडी आणली. सोजरबाईच्या खिडकीला लाकडी गज होते आणि आत, भिंतीशी, वळकटी दिसत होती. मारोतरावांनी आकडी आत घातली. पहिल्यांदा मिरच्यांनी भरलेलं सूप खिडकीशी येऊन उलटलं. दुसऱ्यांदा सोजरबाईचा एक जुना जोडा आला, तो त्यांनी शरमेने परत टाकला. तिसऱ्यांदा वळकटीची दोरी अडकली. वळकटी घसटत घसटत खिडकीपर्यंत आली आणि गजांना अडून बसली. ती गजांमधल्या फटीपेक्षा जाड होती, हे आधी पाहायला हवं होतं, पण मारोतराव आधी काही पाहणाऱ्यांतले नव्हते.

"आता सोडा दोरी अन एकएक कपडा ओढा," जगदेव लांबून, प्रवासातून, म्हणाला.

"हात लावू नका!" जोशीबुवा परत आले होते. गावात त्या आठवड्यात दुसरं काही चाललेलं नव्हतं. "वळकटी ओढली कोणीकडून?"

"तिकडून इकडे," मारोतराव म्हणाले.

"म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे. मारोतराव, तुमी पोराचा परतीचा प्रवास सुरू केला!"

मनकर्णाबाईने कपाळावर हात मारला. साडूचा मुलगा तिला फाटकातून आत जाताना स्पष्ट दिसला. "ढकला वं माय, ढकला माघारी!" ती ओरडली. मारोतरावांनी आकडी उलटी धरली आणि चुकीची भरपाई म्हणून सगळं बळ लावून वळकटी ढकलली. ती जमिनीवरून सरसर गेली आणि खोलीच्या टोकाला ज्वारीच्या कणगीमागे जाऊन पडली. आता तिथवर आकडी पोचेना. जोशीबुवांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं की जगदेव आता पहिल्यापेक्षा दोन हात कारंज्याजवळ गेला आहे. एवढ्यावर त्या दिवशी सर्वांनी समाधान मानलं. धोतर मात्र मिळालं नाही.

शुक्रवारी सकाळी मनकर्णाबाईने जगदेवला अंगावरचं एकुलतं धोतर काढायला लावलं आणि धुऊन वाळत घातलं. पाहुणे दुपारी येणार होते, तोवर ते वाळलं असतं. तोवर जगदेव घोंगडी गुंडाळून ओट्यावर बसला. पण पुंजाजी मुहूर्त पाहून चालणारे गृहस्थ. त्यांचा मुहूर्त सकाळचाच निघाला. त्यांची बैलांची दमणी दारात थांबली तेव्हा धोतरातून पाणी गळत होतं.

"राम राम," पुंजाजी म्हणाले. "मारोतराव हायेत का घरी?"

"हायेत जी," घोंगडी म्हणाली.

"तुमी कोन?"

"मी त्यायचा मोठा पोरगा."

"मंग हे येवढं पांघरून बाहेर काहून बसले? हिवताप हाय का?"

"नाई जी. मी इथं नाई. मी गेलो."

"कुठं?"

"कारंज्याले."

"कवा?"

"बुधवारी."

पुंजाजींनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय उलटे नव्हते, सरळच होते. म्हणजे भूत नव्हे. मग उरलेल्या शक्यता सोयरीक जोडायच्या दृष्टीने भुतापेक्षा वाईट होत्या. ते एक पाऊल मागे सरले.

तेवढ्यात मारोतराव बाहेर आले. पाहुण्यांचा चेहरा पाहून त्यांना जे सुचलं ते त्यांनी सांगितलं. "तो होय? तो आमचा गडी हाय जी."

त्याच वेळी दाराआडून मनकर्णाबाई म्हणाली, "त्याले बरं नाई जी दोन दिस झाले."

आणि चुलीजवळून प्रयागने, कोणीही न विचारता, सांगितलं, "दादा गावाले गेला."

पुंजाजींनी गडी, आजारी आणि गावाला गेलेला अशा त्या एकाच माणसाकडे पुन्हा पाहिलं. त्यांनी बैलांच्या कासऱ्याला हात घातला. "येतो मंग. परत कवा तरी पाहू."

परत कवा तरी म्हणजे काय ते मनकर्णाबाईला माहीत होतं. या पाहुण्याने मालेगावात जाऊन एवढंच सांगितलं असतं की खापरखुट्याच्या मारोतरावांचं मोठं पोरगं घरात घेण्यासारखं नाही, की प्रयागला पाहायला पुन्हा कोणी दमणी जुंपली नसती. ती पदर डोक्यावर ओढून थेट ओट्यावर आली. परक्या पुरुषासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहत होती, पण तिला ते नंतर आठवलं.

"पाहुणे, थांबा. पोरगं माह्यं हाय. येडं नाई अन आजारी बी नाई. प्रस्थान ठेवलं हाय त्याचं. उंबरठा ओलांडला तं मोडते, अन मोडलं तं नवकरी जाते. म्हून पोटचं पोर मी कुत्र्यावानी बाहेर बसवून जेवू घालून राह्यली. धोतर वळकटीत हाय, वळकटी कुलपात हाय, अन किल्ली तुमच्याच गावात हाय. आता तुमाले जाचं अशीन तं जा."

पुंजाजींचा हात कासऱ्यावरच राहिला.

"शनवारचा दिशाशूल?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाव."

"पूर्वेले?"

"हाव जी."

पुंजाजी ओट्यावर बसले. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "याले म्हंतेत घर," ते म्हणाले. "माह्या घरी कोनी ऐकत नाई बाई. मोठ्या पोरानं मंगळवारी उत्तरेकडे जाऊन बैल घेतला. म्या सांगतलं होतं. तो बैल आजवर मलेच लाथा मारून राह्यला." त्यांनी जगदेवकडे अशा नजरेने पाहिलं की जगदेवला घोंगडी जरा आणखी आवळून घ्यावीशी वाटली. "पोरगी पाहाचं कामच नाई. मले हेच घर पाह्यजे. दोन्ही घराइचं जमलं समजा. लगन वैशाखात."

प्रयाग पाया पडायला बाहेर आली. तिथेच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण पुंजाजींना त्या घराच्या शिस्तीची नशा चढली होती.

"आज शुक्रवार," ते बोटं मोजत म्हणाले. "शुक्रवारी दक्षिण मोकळी. मालेगाव इथून दक्षिणेले. वैशाखात कोनता वार येते कोनाले माहीत! पोरीचं प्रस्थान आजच ठेवून द्या. गाठोडं मीच नेतो, सुनेचं प्रस्थान थेट सासरी!"

मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नुकतं जमलेलं मोडायची हिंमत दोघांतही नव्हती. प्रयागची दोन लुगडी, चोळ्या, सुपारी, हळदीचे तांदूळ, असं गाठोडं दमणीत चढलं आणि मालेगावला निघून गेलं. प्रयाग पाया पडायला ओट्यावर आली होती. ती ओट्यावरच राहिली.

"सरक तिकडं," जगदेव म्हणाला.

"तू सरक. मी सासरी आली," प्रयाग म्हणाली.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाईचं घर रिकामं झालं. मारोतराव आत ऐसपैस पसरले आणि म्हणाले, "सुटलो बावा. दोन्ही पोरं मार्गी लागले."

मनकर्णाबाई चुलीपुढे बसली होती. थापायच्या भाकरी तेवढ्याच होत्या, फक्त त्या आता बाहेर जाणार होत्या. ओट्यावर दोघं घोंगडीवरून भांडत होती, मग कशावर तरी खिदळत होती, मग जगदेव जिनाच्या मॅनेजरची नक्कल करत होता. आतून तिला शब्द नीट ऐकू येत नव्हते. ती ऐकण्यासाठी मान वाकडी करून बसली आणि तव्यावरची भाकर जळाली. तिला राग आला. जाणारे दोघं बाहेर मजेत, आणि राहणारी ती आत, या माणसाबरोबर.

ती उठली. एक लुगडं, कुंकवाची डबी आणि सुपारी, असं गाठोडं तिने बांधलं, सोजरबाईच्या बंद दारापुढच्या पायरीवर नेऊन ठेवलं आणि परत येऊन पोरांच्या मध्ये ओट्यावर बसली.

"जगदेवची माय, तू कुठं चालली?" मारोतराव उंबरठ्याच्या आतून म्हणाले.

"ठरलं नाई अजून."

"मंग प्रस्थान कायचं?"

"निघून तं राह्यली. मंग ठरवीन."

"अन सैपाक?"

"भाकरी टोपल्यात हायेत. ताटं इकडून तिकडं देत होतो, आता तिकडून इकडं द्या."

मारोतरावांनी ताटं दिली. वरण त्यांनीच गरम केलं आणि त्यात मीठ पुन्हा घातलं. प्रवासी तिघांनी पहिला घास घेतला आणि तिघेही एकदम हसायला लागले.

शनिवारी सकाळी सोजरबाई आली. लेकीला मुलगा झाला होता. तिने कुलूप उघडलं, कणगीमागून वळकटी काढली आणि खिडकीखाली सांडलेल्या मिरच्या सुपात भरल्या. कापसाने भरलेली गाडी दारात उभी राहिली. जगदेव धोतर नेसून, कोट घालून तयार झाला.

आणि मग कोणालाच काही सुचेना. ओवाळणं बुधवारी झालं होतं. दही बुधवारी झालं होतं. रडायचं म्हटलं तर जोशीबुवांनी आधीच बजावलं होतं की वाटेला लागलेल्या माणसामागे रडू नये. बुधवारच्या बायांपैकी एकही आली नाही. जगदेव जाऊन चार दिवस झाले होते, त्यांच्या दृष्टीने.

"जातो, मा," जगदेव म्हणाला.

"तू बुधवारीच गेला," मनकर्णाबाई म्हणाली.

"तरी."

"हाव. तरी." तिने त्याच्या कोटावर चिकटलेला कापूस वेचून काढला. तो वेचून झाल्यावर तिने जो नव्हता तोही वेचला. "सोमवारी फाटकावर लवकर जाजो. त्या साडूच्या पोराले ढकलू नको, नुसता पुढं उभा राह्यजो."

गाडी हलली. मागे वळून पाहायचं नाही, हे जगदेवने पाळलं. पण भरलेल्या कापसावर माणूस बसतो तो मागे तोंड करूनच बसतो. त्यामुळे त्याला वळावं लागलं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत तो सरळ समोर पाहत होता आणि समोर घर होतं.

थोड्या वेळाने जोशीबुवा ओट्यावर टेकले. मारोतरावांनी त्यांना विचारलं, "महाराज, प्रयाग काय वैशाखापावतर बाहेरच राहीन?"

"बाहेर कायले? मागच्या दारानं येऊ द्या. प्रस्थानाले पुढचाच उंबरठा धरतात."

मनकर्णाबाई सावकाश वळली. "मंग जगदेवले मांगून येऊ दिलं असतं तं चाललं असतं?"

"चाललं असतं."

"हे तुमी बुधवारी काहून नाई सांगतलं?"

"बुधवारी कोणी विचारलं नाही," जोशीबुवा म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

प्रयाग टुणकन उठून घराला वळसा घालून आत पळाली. मनकर्णाबाई मात्र उठली नाही. घर, मागचं दार, पुढचा उंबरठा, सगळ्याकडे तिने एकदा नीट पाहिलं. मग तिने प्रयागला हाक मारून दौत-टाक मागवली. प्रयाग चौथी शिकलेली होती. ती उंबरठ्याच्या आत बसली, माय बाहेर बसली, आणि मायने सांगितलेलं तिने सरकारी वळणात घालून लिहिलं:

"मेहेरबान तहसीलदार साहेब, मुक्काम वाशीम, यांचे सेवेशी.

अर्जदार मनकर्णाबाई भ्रतार मारोतराव, राहणार मौजे खापरखुटा, अर्ज करते ऐसा जे, अर्जदाराचे राहते घराचा ओटा गेल्या बुधवारपासून परगाव म्हणून वहिवाटीत आला असून त्याबद्दल गावात कोणाची तक्रार नाही. तरी सदरहू ओटा सरकारी दप्तरी स्वतंत्र मौजा म्हणून दाखल व्हावा. सदर मौज्यास एक कापसाचे जिन व एक चांगले सासर मंजूर करून अर्जदाराच्या दोन्ही मुलांची नेमणूक तेथे कायम करावी. उंबरठा ही हद्द जशी आहे तशी ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. ताटे हद्दीवरून देण्याची तजवीज अर्जदार करील. सबब हुकूम व्हावा."